सर्दी बरी झाली, धाप मात्र राहिली

प्रश्न : माझे वय 52 असून मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर आहे. गेली 26 वर्षे रोज आठ-दहा सिगारेटी ओढतो. यंदाच्या थंडीत सर्दी-ताप झाला. ताप चार दिवसांत उतरला. परंतु तीन आठवडे होऊनही खोकला थांबत नाही आणि दर रविवारी न थांबता चढत असे त्या पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आता दोनदा टेकावे लागते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 97 येतो. मग हा त्रास संसर्गाचा की सिगारेटचा? आणि या वयात सिगारेट सोडून उपयोग होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा दोहोंचा, संसर्गाने झालेली सूज ही नवी गोष्ट आहे, सिगारेटने केलेली झीज जुनी. निरोगी श्वासनलिकांच्या आतील सूक्ष्म केसांसारखे तंतू धूळ आणि जंतूंसह कफ सतत वर ढकलत असतात. धुरामुळे हे तंतू मंदावतात, काही झडतात आणि कफ मात्र वाढतो. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याची साधी सर्दीही छातीत उतरते व लवकर हटत नाही. त्यातच नळी अरुंद झाली की हवेला होणारा अडथळा झपाट्याने वाढतो : आतली रुंदी निम्मी झाल्यास तो दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होतो. आधीच थोड्या आवळलेल्या नलिकांना सर्दीची सूज एवढी जड का जाते, हे यावरून ध्यानात येईल. फुफ्फुसांची राखीव क्षमता मोठी असल्यामुळे हळूहळू होणारी घट सपाट रस्त्यावर जाणवत नाही, ती पायऱ्यांवर उघडी पडते.

एक्स-रे आणि 97 हा आकडा यांवर विसंबू नये. नलिका आवळल्याचे एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसत नाही. शिवाय बोटावरच्या यंत्राला सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि ऑक्सिजनयुक्त रक्त यांतला फरक कळत नाही. खरे उत्तर स्पायरोमेट्री देते. पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, ते तीत मोजतात; नलिका मोकळ्या करणारे औषध देऊनही हे प्रमाण 70 टक्क्यांहून कमी राहिल्यास सीओपीडीचे, म्हणजे कायमच्या अडथळ्याच्या आजाराचे, निदान होऊ शकते. मात्र ही तपासणी आज करू नका. संसर्गाची सूज ओसरण्यापूर्वी केल्यास निकाल आहे त्याहून वाईट येतो, म्हणून चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत.

थुंकीची तपासणी मात्र लांबवू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास, एक्स-रे स्वच्छ असला तरी, क्षयरोग नाही ना हे पाहावे लागते. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. कफात रक्त दिसले, वजन घटले, बसल्या जागी धाप लागली किंवा ओठ निळसर वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता सिगारेट. ‘एवढी वर्षे ओढली, आता सोडून काय होणार,’ हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, आणि ते चुकीचे आहे. तिशीनंतर निरोगी माणसाची पहिल्या सेकंदाची हवा दरवर्षी सुमारे 25 ते 30 मिलिलिटरने घटते. धुराचा परिणाम लवकर होणाऱ्यांत ही घट दुपटीवर जाते. गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण सिगारेट सुटली की घसरणीचा वेग जवळजवळ निरोगी माणसाइतका होतो. 52 व्या वर्षी हा फरक पुढच्या वीस वर्षांचा आहे. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढलेला वाटल्यास घाबरू नये, मंदावलेले तंतू कामाला लागल्याचा तो परिणाम असू शकतो. तलफ आवरत नसेल तर निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारावे.

स्पायरोमेट्रीला जाताना पोटभर जेवून जाऊ नये आणि त्याआधी निदान एक तास सिगारेट ओढू नये. तोपर्यंत पांडवलेणी बंद करण्याचे कारण नाही; बोलता येईल इतक्या वेगाने चढावे, टेकावेसे वाटले तर टेकावे आणि किती पायऱ्यांवर टेकलात ते वहीत लिहून ठेवावे. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना ती वही दाखवा.