लाजरची गोष्ट, ज्वाळा आणि तुझे बाबा

प्रिय 'झोप उडालेली',

पत्र दोनदा वाचलं गं. बाबा जाऊन आठ महिने झाले, ते चर्चला फारसे जायचे नाहीत, आणि परवा बायबल स्टडीत लीडरने लूकच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातली श्रीमंत माणूस आणि लाजरची गोष्ट वाचून सांगितलं की हे जसंच्या तसं घडलंय, ज्वाळा खऱ्या आहेत, मेलेल्यांना आपण दिसतो, तेव्हापासून तुला झोप नाही. नवरा म्हणतो "दाखला आहे तो, सोड ना" (दाखला म्हणजे शिकवण द्यायला रचलेली गोष्ट). आणि यावरून रोज रात्री वाद. मला विचारतेस, खरं कोण? गोष्ट थोडक्यात अशी: श्रीमंताच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडलेला असतो. दोघं मरतात, लाजर यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याजवळ पोचतो, श्रीमंत ज्वाळांत, आणि मध्ये ओलांडता न येणारी दरी. श्रीमंत अब्राहामाला विनवतो, लाजरला पाठव, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे, नाहीतर निदान माझ्या पाच भावांना सावध करू दे.

आधी लीडरची बाजू घेते, कारण ते अगदीच हवेत बोलत नाहीयेत. येशूच्या बाकी कुठल्याच दाखल्यात पात्राला नाव नाही, इथे भिकाऱ्याला आहे, लाजर. (योहानाच्या शुभवर्तमानातला, येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर वेगळा हं, लोक घोळ घालतात.) शिवाय हा दाखला आहे असं तिथे लिहिलेलंही नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याच्यासारख्या माणसालाही नावामुळेच ही घडलेली गोष्ट वाटायची, पण गंमत बघ, तोच कॅल्विन पुढे म्हणतो की आत्म्याला बोटं, डोळे नसतात आणि तहानही लागत नाही, म्हणजे हे वर्णन आपल्याला कळावं म्हणून केलेलं आहे. मग बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड कर, हे शब्दशः कसं घेणार? देह तर पुरलाय, गोष्टीतच लिहिलंय तसं.

आणि त्याच अध्यायाचं पहिलं वचन काढून बघ. तिथे अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आहे, त्याची सुरुवातही "एक श्रीमंत माणूस होता" अशीच होते, तो कारभारी खरोखर कुठल्या गावात होता असं कोणी विचारत नाही. म्हणून मी स्वतः याला दाखलाच मानते. मेल्यावर आत्मा जागा असतो की पुनरुत्थानापर्यंत, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील तोवर, निजलेला, यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाहीये, आणि तो वाद एका दाखल्यावरून मिटेल असं मला तरी वाटत नाही.

पण मेलेल्यांना आपण दिसतो, हे तर लीडरने पदरचंच घातलंय, तिथे असं काही नाहीच. त्या माणसाला लांबून अब्राहाम आणि लाजर दिसतात, घरचे पाच भाऊ फक्त आठवतात. शब्दशः घ्यायचं तर निदान आहेत तेच शब्द घ्या ना.

मुख्य म्हणजे तो तिथे का पोचला ते वाच. चर्च चुकवलं म्हणून नाही. जांभळी तलम वस्त्रं, रोज मेजवानी, आणि स्वतःच्या दाराशी फोडांनी भरलेला माणूस पडलेला, कुत्री येऊन ते फोड चाटतायत. मला सगळ्यात काय टोचतं सांगू, त्याला लाजरचं नाव माहीत असतं! अब्राहामाला म्हणतो लाजरला पाठव. म्हणजे इतकी वर्षं दारातला माणूस ओळखीचा होता, आणि मेल्यावरही याच्या डोक्यात लाजर म्हणजे पाणी आणायला पाठवायचा गडीच. चौथ्या शतकात अंत्युखियात योहान क्रिसोस्तम या धर्मगुरूने या एका गोष्टीवर कितीतरी प्रवचनं दिली, त्यात त्याचं म्हणणं हेच, की आपल्यातलं गरिबाला न देणं ही चोरीच आहे. ऐकणारे पण बघ कोण होते, जरा वर १४व्या वचनात लूक सांगतो, पैशाचे लोभी परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक. तुझ्या बाबांबद्दल तू लिहितेस की शेजारच्या आजारी माणसाकडे रात्र रात्र बसायचे. मग या गोष्टीत बाबांना तू नक्की कुठे बसवलंस?

आता नवऱ्याला पण माझा निरोप दे. दाखला आहे म्हणजे सोडून द्यायची गोष्ट झाली असं नाही हो. ज्वाळा प्रतीक असल्या तरी ती दरी आहेच आणि दारातला माणूसही आहेच. आणि बायको रात्री जागी असताना "सोड ना" हे काही उत्तर नाही.

एक विचारू? पत्राच्या मधोमध तू एक ओळ पटकन लिहून पुढे गेलीस, "शेवटच्या आठवड्यात बाबांनी दोनदा फोन केला, मी नंतर करते म्हणाले." मला वाटतं झोप तिथे गेलीय गं, लूकमध्ये नाही. लीडरच्या बोलण्याने फक्त त्यावरची खपली निघाली. ते रडणं अजून राहिलंय तुझं, आणि ते अध्याय-वचनं काढून होणार नाही. रात्र फारच जड जायला लागली तर डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी बोल, त्यात विश्वास कमी पडला वगैरे काही नसतं.

लीडरना भांडायला जाऊ नकोस. एवढंच म्हण की बाबा नुकतेच गेलेत, मला हा भाग सध्या ग्रुपमध्ये झेपत नाहीये. समंजस असतील तर थांबतील, नसतील तर काही दिवस तू जाऊ नकोस.

आणि हो, अब्राहाम त्या माणसाला तिथेही "मुला" म्हणून हाक मारतो, ते वाचलंस का? त्यानंतर तो माणूस स्वतःचं सोडून भावांचं बोलायला लागतो. तुझा भाऊ, जो अंत्यविधीनंतर तुझ्याशी बोललेला नाही म्हणतेस, त्याला आज फोन लाव. बाबांच्या त्या दोन फोनबद्दल त्याला सांग. कदाचित त्यालाही आले असतील.

तुझी,
ताई