राजीनाम्यातली शेवटची ओळ आधी खोडा

संक्रांत झाली की माझ्याकडे एकाच छापाची पत्रं यायला लागतात. दिवाळीचा बोनस पदरात पडलेला असतो, चाकण-रांजणगावची ऑफर आलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो: नोटीस एक महिन्याची देऊ की तीन? या वेळी ज्यांचं पत्र घेतलंय ते कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहेत. १ मार्च २०२१ ला लागले. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस होती, २०२३ च्या पगारवाढीच्या पत्रात ती तीन महिन्यांची झाली. एकूण पगार ४२ हजार, त्यात बेसिक, म्हणजे मूळ वेतन, १६ हजार. चाकणवाल्यांना ते १६ फेब्रुवारीला हजर हवेत. इकडे एचआर म्हणतं, नव्वद दिवस भरा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्त केल्याचं पत्र) विसरा आणि वकिलाच्या नोटिशीची वाट बघा. सोबत राजीनाम्याचा मसुदा जोडलाय आणि शेवटी विचारलंय, "वकीलसाहेब, महिन्याभरात सुटता येईल का?"

सुटता येईल. मनाविरुद्ध कोणाला कामाला जुंपून ठेवायचा हुकूम कोर्ट देत नाही. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ मध्ये त्याला जागाच नाही. भांडण होतं ते पैशाचं. पण तुम्ही महिन्याभरात सुटू नये, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण तुमच्या तीन पानी पत्रात कुठेच नाही.

कारण तुमच्या मसुद्याच्या शेवटच्या ओळीत आहे. "तरी मला शक्य तितक्या लवकर कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती." ही ओळ कुठून आली ते मला माहीत आहे. मोबाइलवर शोधलं की पहिला जो नमुना मिळतो त्यात ती असते, आणि लोक ती 'आपला विश्वासू'सारखी शिष्टाचाराची समजून तशीच उतरवतात. शिष्टाचार नव्हे, ती तुमची लेखी मागणी आहे. कंपनीने ती मान्य केली तर तक्रार कशाची करणार?

आता तारखा लावा. १ मार्च २०२१ ला लागलात, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२६ ला दिवस संपताना पाच वर्षं पुरी होतात. पाच वर्षांची सलग सेवा झाली की राजीनामा देऊन जाणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते. तुम्ही १४ फेब्रुवारीला बाहेर पडायच्या घाईत आहात. आणि ती ओळ ठेवून उद्या राजीनामा दिलात, तर एखादा हुशार एचआरवाला आठवड्यातच लिहून देईल, "आपल्या विनंतीनुसार आपणांस आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे." उरलेल्या नोटिशीचा पगार देणं नाही, ग्रॅच्युइटी देणं नाही. तुम्ही पेढे वाटत चाकणला जाल.

ही ओळ काढली की चित्र बदलतं. तुम्ही २०२३ च्या पत्राचा फोटो पाठवलाय त्यात म्हटलंय, दोघांपैकी कोणीही तीन महिन्यांची नोटीस देऊन किंवा तेवढ्या दिवसांचं मूळ वेतन देऊन नोकरी संपवू शकतो. अट दोघांना सारखी लागू आहे. म्हणजे तुम्ही ठरावीक तारीख घालून राजीनामा दिला आणि कंपनीला तुम्ही त्याआधी नको असाल, तर उरलेल्या नोटिशीचे पैसे कंपनीला मोजावे लागतील. फेब्रुवारीच्या ऐन गडबडीत क्वालिटीचा तयार माणूस घरी बसवून वर पैसे मोजणारी फाउंड्री माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून राजीनाम्यात एवढंच लिहा: "माझा राजीनामा दि. ७ मार्च २०२६ रोजी कामकाजाचे तास संपल्यापासून अमलात यावा. त्या तारखेपर्यंत मी कामावर हजर राहीन. नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे मूळ वेतन पत्रातील अटीप्रमाणे हिशेबातून वळते करून घ्यावे." पुढे सही. आभार मानायचे तर माना, विनंती करू नका. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा त्या तारखेपर्यंत लागू होत नाही आणि तोवर साधारणपणे मागेही घेता येतो, असं सुप्रीम कोर्टाने १९७८ साली गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात सांगितलंय. चाकणचं काही फिसकटलं तर तेवढी एक वाट उघडी राहते.

हिशेब तुमच्याच आकड्यांवर करू. सोमवारी १९ जानेवारीला राजीनामा देऊन १४ फेब्रुवारीला गेलात, तर २६ दिवस भरले. उरलेल्या ६४ दिवसांचं बेसिक, महिना तीस दिवसांचा धरून, ३४ हजारांच्या वर जातं, आणि ग्रॅच्युइटी अधांतरी. ७ मार्चला गेलात तर ४७ दिवस भरले, उरलेल्या ४३ दिवसांचे जेमतेम २३ हजार जातील. उलट ग्रॅच्युइटी येईल. दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा, असा तिचा हिशेब असतो. निव्वळ बेसिकवर धरली तरी १६ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ४६ हजारांच्या पुढे. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात. त्यांच्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरायचा. तुमच्या ४२ हजारांत बेसिक १६ हजार आहे. बाकीचे सगळे भत्तेच असतील तर ग्रॅच्युइटीचं वेतन २१ हजार धरावं लागेल आणि रक्कम ६० हजारांवर जाईल. संहिता लागू होण्याआधीच्या वर्षांनाही हाच आधार धरायचा का, यावर कंपन्या भांडतील. तुम्ही मागताना २१ हजारांवरच मागा. हे सगळं तीन आठवडे जास्त थांबण्यासाठी.

"आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी" असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. ती सवलत मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना आहे. तुम्ही कायम आहात, तुम्हाला पाच वर्षंच. चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरे, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे आणि तुमचे २४० दिवस भरलेही असतील. मग १४ फेब्रुवारीला गेलात तरी हक्क साफ बुडाला असं मी म्हणणार नाही. पण तो भांडून मिळवावा लागेल. आधी अर्ज, मग सुनावणी, मग कंपनीचं अपील. सांगलीत विजयनगरच्या कोर्टाच्या आवारात रोज वावरणारा माणूस म्हणून सांगतो, तीन आठवडे थांबून जे आपसूक मिळतंय त्यासाठी तीन वर्षं तारखा घेऊ नका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली, हे खरं. तारखा काही वाचल्या नाहीत.

माझ्या या सगळ्या सल्ल्याला एक मोठा 'जर' आहे. १ मार्च २०२१ ला तुम्ही नक्की कोणाच्या हजेरीपटावर लागलात? कुपवाडला काय, मिरजेला काय, आणि तिकडे शिरवळला काय, पहिले सहा-आठ महिने कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर काढून मग कंपनीत घेण्याची पद्धत सर्रास आहे. माणूस सांगताना पहिल्या दिवसापासून सांगतो, कागद वेगळंच बोलतो. आज रात्री पीएफचं पासबुक उघडा. वर आस्थापनेचं नाव असतं, खाली महिन्यागणिक भरणा. मार्च २०२१ च्या भरण्याला कंपनीचंच नाव दिसलं तर ठीक. कॉन्ट्रॅक्टरचं दिसलं तर पाच वर्षं त्या मार्चपासून मोजण्याचा भरवसा मी देणार नाही. ज्या महिन्यापासून कंपनीचं नाव येतं तिथून मोजा आणि ७ मार्चही विसरा. कॉन्ट्रॅक्टर नावापुरताच होता, असा वाद घालता येतो, कधी जिंकताही येतो, पण चाकणची ऑफर तोवर थांबायची नाही. अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ म्हणून काढलेला काळही धरला जात नाही. नुसतं 'ट्रेनी' म्हणून लावलं असेल तर ते पत्र बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, एक महिना की तीन. २०२३ च्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर 'मान्य' लिहून सही कोणाची आहे? तुमचीच. तुम्ही म्हणता, वाचलं नव्हतं. पगारवाढीचा आकडा वाचलात, तो बरोबर पाठ आहे. त्याच्याच खाली दोन ओळी सोडून नोटिशीची अट होती. न वाचता सही केली हा बचाव सज्ञान, शिकलेल्या माणसाला कोर्टात सहसा मिळत नाही. तेव्हा तीन महिनेच धरून चाला. आणि दिवाळीत साहेबांना तोंडी सांगितलं होतं, त्याचे दिवस नोटिशीत धरायला लावू नका. चहा पिताना सांगितलेला राजीनामा राजीनामा नसतो.

नोटीस कमी दिली म्हणून कंपनी कोर्टात जाईल का? गेली तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मिळेल, आणि तीही पत्रात लिहिलेल्या रकमेच्या आत. तुम्ही ते पैसे स्वतःहून वळते करायला सांगितल्यावर दावा लावायला फारसं काही उरत नाही. हिशेबाच्या कागदावर त्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर हरकत घ्या. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं केंद्राच्या खात्याने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. कापायचं ते मूळ वेतन, एकूण पगार नव्हे. तुमच्या पत्रात शब्द तोच आहे. शिल्लक रजा नोटिशीत वळती करणं बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर असतं, मागून बघा. मात्र त्या वसुलीसाठी ग्रॅच्युइटीला हात लावू देऊ नका. ती रोखायची कारणं कायद्यात मोजकी आहेत आणि नोटीस कमी पडणं त्यात नाही. पीएफ तर कंपनीच्या हातातच नसतो. बाहेर पडल्याची तारीख त्यांनी भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला ऑनलाइन भरता येते.

चाकणची कंपनी तुमच्याच गिऱ्हाइकांना, तेच कास्टिंग पुरवते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुरवत असेल तर जरा जपून. नोकरी सोडल्यानंतर कोणाकडे काम करू नका, ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यावर मनाई टिकू शकते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक माणूस पाच वर्षांच्या कराराच्या मध्येच राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला होता, त्याच्याविरुद्धचा मनाईहुकूम सुप्रीम कोर्टाने १९६७ साली कायम ठेवला. तुमचा करार तसा मुदतीचा नाही, म्हणून फार घाबरवत नाही. नोटीस चालू असताना तिकडे हजेरी लावू नका, एवढंच. आणि ठरावीक वर्षांआधी सोडलं तर पैसे भरीन, असा बाँड लिहून दिलेल्या इतर वाचकांनी बाँड म्हणजे कचऱ्याचा कागद समजू नये. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च हा मुद्दा होता. खासगी फाउंड्रीला ते तसंच्या तसं लागू होईल का, हे बाँड बघूनच सांगता येईल.

रिलीव्हिंग लेटर हेच खरं हत्यार, आणि एचआरला ते पक्कं ठाऊक आहे. तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'कामगार' असाल तर सेवा प्रमाणपत्राचा आधार स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या शर्तींच्या नियमांत, सापडतो. सुपरवायझर असाल आणि पगार ४२ हजार, तर तो आधार डळमळीत आहे, आणि क्वालिटीत तुम्ही स्वतः गेज (मोजमापाचं साधन) हातात घेता की माणसांकडून काम करून घेता यावर ते ठरतं. म्हणून कागद जमवा. राजीनामा ईमेलने पाठवाच, शिवाय छापील प्रत ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला खळखळ केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय, तेव्हा बुकिंगच्या वेळीच पोचपावती मागून घ्या. ७ मार्चला चार्ज कोणाला दिला, गेज आणि लॅपटॉप कोणाकडे जमा केले, याची सहीची यादी ठेवा. नव्या वेतनसंहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरचं थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. कंपन्या अजून पंचेचाळीस दिवसांच्या सवयीत आहेत, तेव्हा ते कलम ईमेलमध्ये आठवणीने लिहा. पगाराच्या पावत्या, राजीनाम्याची पोच आणि पासबुक एवढ्यावर नवी कंपनी बहुतेकदा भागवून घेते. तिला आधी विचारून ठेवा.

तिला विचारायचंच आहे. १६ फेब्रुवारी ही तारीख तुम्ही स्वतःचं पत्र न वाचता कबूल करून आलात, तर आता आजच ईमेल करा की ९ मार्चला सोमवारी रुजू होतो. तीन आठवड्यांसाठी निवडलेला माणूस सोडणारी कंपनी विरळा. आणि मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार झाली तर त्याहून बरं. मग राजीनामाच २ मार्चला, पाच वर्षं उलटल्यावर द्या, एक महिना भरा आणि बाकीच्या दोन महिन्यांचे पैसे मोजा. नऊ हजार जास्त जातील, पण तारखेची धास्ती उरणार नाही.

सोमवारी राजीनामा दिलात की एचआर कदाचित बोलावून घेईल आणि म्हणेल, आमच्या नमुन्यात लिहून द्या. त्या नमुन्यात 'स्वेच्छेने व तातडीने', 'लवकरात लवकर' असं काही असेल, किंवा तारखेची जागा कोरी असेल, तर सही करू नका. तुमच्या पत्रावर शिक्का पडलेला आहे, तेवढा पुरे.