रात्रीच्या बॅकअपची नोंद कुठे जाते?

प्रश्न: उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. बिलांचा बॅकअप घ्यायला भाच्यानं लिनक्सवर 'बॅकअप' नावाची स्क्रिप्ट करून दिलीय. ती चालवताना मी पुढं '> नोंद' लावतो. पण 'परवानगी नाही' असलं काही आलं की ते नुसतं स्क्रीनवर दिसतं, फाइलीत नसतंच. शिवाय कालची नोंद आज गायब! स्क्रिप्टच चुकलीय काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मामा, भाच्याला बोल लावू नका. गडबड त्या > मध्ये आहे.

एकच > दिलं की शेल (तुम्ही टाइप केलेल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम) कमांड सुरू करायच्या आधीच फाइल कोरी करून ठेवतं. कमांडचं नाव चुकीचं टाइप झालं तरी जुना मजकूर गेलाच. >> द्या, म्हणजे नवं खाली जोडलं जाईल.

आता एररचं. गुऱ्हाळात चरकातून रस एका अंगाला पडतो, चिपाड दुसऱ्या अंगाला. काहिलीत जातो तो फक्त रस. कमांडचंही तसंच. नेहमीचं आउटपुट 1 नंबरच्या वाटेनं येतं, एरर 2 नंबरच्या. नुसतं > फक्त 1 ला वळवतं. तुम्हाला दोन्ही हवंय, तर असं लिहा:

./बॅकअप >> नोंद 2>&1

2>&1 म्हणजे 1 आत्ता जिकडं जातोय तिकडंच 2 ला पाठवा. क्रम मात्र हाच ठेवा. शेल डावीकडून वाचत जातं. 2>&1 आधी लिहिलंत तर त्या घटकेला 1 स्क्रीनकडंच असतो, म्हणून 2 पण तिकडंच जातो; मग 1 एकटाच फाइलीकडं वळतो. माझ्याकडं येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांनाही हे पहिल्या झटक्यात पटत नाही.

कोणीतरी &>> हा शॉर्टकट सांगेल. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये तो चालतो. पण उबुंटू लिनक्सवर 'एसएच' (sh) कमांडनं स्क्रिप्ट चालवली तर ती डॅश या दुसऱ्या शेलकडं जाते, आणि डॅश त्यातला & वेगळा धरतो: कमांड मागं पळत राहते, फाइलीत काहीच येत नाही.

स्क्रीनवरही बघायचं असेल तर 2>&1 नंतर | (पाइप) देऊन 'टी' (tee) कमांड आहे, ती स्क्रीनवर आणि फाइलीत दोन्हीकडं लिहिते; तिला 'ए' (-a) पर्याय द्या, नाहीतर तीही जुनं पुसते. रात्री स्क्रीनसमोर कोण बसतंय? मी तरी अशा कामाला टी लावत नाही. शिवाय पाइपनंतर शेल निकाल टीचा धरतं, त्यामुळं बॅकअप फसला तरी स्क्रिप्ट 'झालं' म्हणून मोकळी. बॅशमध्ये 'पाइपफेल' (pipefail) हा पर्याय चालू केला तर हे टळतं. ते भाच्याकडून करून घ्या.