प्रोसेसरचं तापमान अचूक दाखवणारं सॉफ्टवेअर कोणतं? तीन प्रोग्राम तीन वेगळे आकडे दाखवत असतील तर खरा कोणता मानायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की इंटेलच्या एकाच प्रोसेसरचं तापमान एक प्रोग्राम ५३ अंश दाखवतो, मदरबोर्डसोबत आलेलं सॉफ्टवेअर ४१ दाखवतं आणि डेस्कटॉपवरचं गॅजेट कायम २८ वर अडकलेलं आहे. मग अचूक कोण?

गॅजेट आधी काढून टाका. अशी बरीचशी छोटी गॅजेट्स प्रोसेसरला काही विचारतच नाहीत. ती विंडोजकडून ‘एसीपीआय थर्मल झोन’चा, म्हणजे मदरबोर्डने विंडोजला कळवलेला तापमानाचा आकडा उचलतात. हा आकडा केल्विनच्या दहाव्या हिश्शात येतो. म्हणजे ३०१० आलं तर त्यातून २७३२ वजा करायचे, उरले २७८, म्हणून २७.८ अंश. पूर्णांकात २८. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच सॉफ्टवेअरमध्ये) हा झोन नुसता नावाला ठेवलेला असतो आणि त्यात एकच ठरावीक आकडा भरलेला असतो. तुम्ही गेम खेळा नाहीतर व्हिडिओ एन्कोड करा, तो तिथेच राहणार. जो आकडा कामाच्या लोडबरोबर हलत नाही, तो तुमच्या कामाचा नाही.

उरले ४१ आणि ५३. माझ्या अंदाजाने हे दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या जागा मोजल्या जातायत. मदरबोर्डचं सॉफ्टवेअर बहुधा बोर्डावरच्या सुपर आयओ चिपकडून, म्हणजे पंखे आणि तापमान यांवर लक्ष ठेवणाऱ्या नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीच्या चिपकडून, आकडा घेतं. तो सॉकेटजवळच्या सेन्सरचा असू शकतो किंवा सरासरी काढून सावकाश बदलणारा असू शकतो. ५३ दाखवणारा प्रोग्राम प्रत्येक कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक गणन-भागाच्या, आतला सेन्सर वाचतो. ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला तरी एखादा कोअर क्षणभर पूर्ण वेगाने पळतो आणि आकडा दहा-पंधरा अंशांनी उडी मारून खाली येतो. हे बघून लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, सिलिकॉनचा एवढासा तुकडा तापतो आणि निवतोही तितक्याच झटपट. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करायचा की नाही हे आतल्या सेन्सरवरून ठरवतो, त्यामुळे तुम्हीही तोच बघायचा.

आता अचूकतेचा खरा मुद्दा. इंटेलचा हा आतला सेन्सर थेट अंश सांगतच नाही. रस्त्याकडेचा मैलाचा दगड जसा पुढचं गाव किती राहिलं ते सांगतो, तसा तो कमाल मर्यादा अजून किती अंश लांब आहे तेवढंच सांगतो. या मर्यादेला टीजेमॅक्स म्हणतात. डेस्कटॉपच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ती १०० असते, काहींत १०५. सॉफ्टवेअर १०० मधून ४७ वजा करतं आणि तुम्हाला ५३ दाखवतं. टीजेमॅक्स चुकीचा धरला की सगळे आकडे तेवढ्याच फरकाने चुकतात. इंटेलच्या जुन्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात हीच बोंब होती. इंटेलने हा आकडा जाहीर केलेला नव्हता, प्रोग्राम लिहिणारे तो अंदाजाने धरायचे आणि एकाच मशीनवर दोन प्रोग्राममध्ये सरळ १० अंशांचा फरक दिसायचा. २००८ मध्ये इंटेलने आकडे दिले, आणि त्यानंतरच्या नेहेलेम पिढीपासून टीजेमॅक्स प्रोसेसरमधूनच वाचता येतो. म्हणून आजच्या मशीनवर चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण सगळे प्रोसेसरमधल्या एकाच रजिस्टरमधून (आकडा साठवायच्या जागेतून) वाचतात.

एक गोष्ट मात्र कुठलंही सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. हे सेन्सर मर्यादेच्या जवळ चांगले चालतात, थंड असताना त्यांची चूक वाढते. मशीन रिकामं असताना ३४ की ३८ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ८५ च्या पुढचा आकडा मात्र गांभीर्याने घ्या. पडताळणीचा सोपा उपाय म्हणजे रात्रभर बंद असलेलं मशीन सुरू केल्या केल्या आकडा बघा. साधा पंखा किंवा वॉटर कूलर लावलेला असताना तो खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. गेला, तर तो सेन्सर किंवा ते सॉफ्टवेअर बाद.

माझी निवड सांगायची तर विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हा प्रोग्राम. उघडताना ‘फक्त सेन्सर’ हा पर्याय निवडा, नाहीतर अनावश्यक माहितीचा ढीग समोर येतो. यादी लांबलचक असते, पण तुम्हाला त्यातल्या तीनच ओळी हव्यात: सीपीयू पॅकेज, टीजेमॅक्सपासूनचं अंतर आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी करणं). शेवटच्या ओळीत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ उत्तर असतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी ओळ तीच. नजर चालू आकड्याऐवजी ‘कमाल’च्या रकान्यावर ठेवा. खाली कुठेतरी ‘ऑक्सटिन’ (AUXTIN, जादा सेन्सरची जागा) नावाच्या ओळीत १२७ अंश दिसले तर दचकू नका, बोर्डावर त्या पिनेला सेन्सर जोडलेलाच नसतो.

एवढा पसारा नको असेल तर कोअर टेम्प (Core Temp) हा प्रोग्राम पुरेसा आहे. लहानसं आहे, टास्कबारच्या कोपऱ्यात आकडा दाखवतं. इन्स्टॉल करताना सोबतची जाहिरातीची सॉफ्टवेअर टिक काढून टाळा. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के१०टेम्प हे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात. विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका.

पुढे कधी एएमडी घेतलात तर तिथली भानगड वेगळी आहे. टीसीटीएल हा पंख्याचा वेग ठरवण्यासाठीचा आकडा आणि टीडाय हे प्रत्यक्ष तापमान. २०१७ च्या रायझन ७ १८००एक्समध्ये टीसीटीएल मुद्दाम २० अंशांनी जास्त ठेवलेला होता, पहिल्या थ्रेडरिपरमध्ये २७ अंशांनी. जुनं सॉफ्टवेअर हे वजा न करता दाखवायचं आणि लोक नवे कूलर विकत घ्यायचे. रायझन ७००० मालिकेत ९५ अंश दिसणं तर डिझाइनचाच भाग आहे, पूर्ण लोडवर तो प्रोसेसर तिथपर्यंत जाऊन तिथेच टिकून राहतो.

सुरक्षेबद्दलही थोडं. हे आकडे वाचायला कर्नलमध्ये ड्रायव्हर लागतो. ओपन हार्डवेअर मॉनिटरसारख्या जुन्या प्रोग्राममधल्या विनरिंग० या ड्रायव्हरमध्ये २०२० साली त्रुटी नोंदवली गेली आणि २०२५ पासून विंडोज डिफेंडर त्याला धोकादायक ठरवून अडवतो. तसा इशारा आला तर डिफेंडर बंद करू नका, प्रोग्राम बदला. डाउनलोड नेहमी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून करा.

आता तुमच्या मशीनपुरतं: एकावेळी तापमान दाखवणारा एकच प्रोग्राम चालू ठेवा, कारण दोन प्रोग्राम एकाच चिपला विचारायला लागले की विचित्र आकडे येऊ शकतात. एचडब्ल्यूइन्फो उघडा, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारा चाचणी प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा आणि कमालचा रकाना बघा. ८५ च्या आत असेल आणि थ्रॉटलिंग ‘नाही’ असेल, तर मशीन ठीक आहे. १०० ला टेकून थ्रॉटलिंग ‘हो’ येत असेल, तर कूलर नीट बसलाय का आणि थर्मल पेस्ट सुकलीय का ते तपासा. बायोसमध्ये दिसणाऱ्या आकड्याशी तुलना करू नका. तिथे प्रोसेसरची वीज वाचवणारी सोय बहुतेक बंदच असते, त्यामुळे विंडोजमध्ये नुसतं बसलेल्या मशीनपेक्षा तिथे तो जास्त तापलेला दिसतो.