कालप्रवासात घोळ कुठे होतो?

प्रश्न : मुलांसाठी कालप्रवासाच्या कादंबऱ्यांची मालिका लिहितेय. नायिका आजच्या सोलापुरातून १९३० मध्ये जाते. तिसऱ्या भागात सगळं विसंगत झालंय. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी एकच नियम ठरवा : भूतकाळ बदलतो की नाही? तुमच्या विषयाला न बदलणाराच शोभेल. सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांची १२ जानेवारी १९३१ ची फाशी नायिकेनं टाळली, तर त्यांच्या त्यागाचं मोलच जाईल. मग वहीत तीन रकाने आखा : साल, नायिकेचं वय, तोवर तिला काय ठाऊक. चूक बहुधा तिसऱ्यात सापडते. पुढच्या भागात कळणारं ती आधीच बोलून जाते. व्यवहारही तपासा. तेव्हा रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. शंभर पैसे १९५७ पासून.