साठेखत आहे, खरेदीखत नाही: तीन वर्षं कुठून मोजायची?

कात्रजच्या एका वाचकांनी 2022 साली हवेली तालुक्यातल्या बिगरशेती प्लॉटचं नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार, केलं. किंमत 38 लाख, विसार 11 लाख. सात-बारावर वारसनोंद झाल्यापासून 60 दिवसांत खरेदीखत करून द्यायचं, असं कलम. वारसनोंदीचा फेरफार जानेवारी 2025 मध्ये मंजूर झाला, विक्रेता अजून टाळतोय. त्यांचा प्रश्न: "मार्च 2025 पासून तीन वर्षं, म्हणजे 2028 पर्यंत वेळ आहे ना? तोवर आणखी एक नोटीस पाठवू का?"

अशी पत्रं वरचेवर येतात आणि बहुतेकांत खरी गोष्ट शेवटी, जाता जाता लिहिलेली असते. तुमच्याही पत्रात तसंच आहे. 14 नोव्हेंबर 2023 ला, पाडव्याच्या दिवशी, विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं: "आता या भावात जमणार नाही, तुमचे पैसे परत घ्या." सगळं प्रकरण या एका मेसेजवर उभं आहे, आणि तुम्ही अडीच वर्षं तो कुठल्याही वकिलाला दाखवला नाही.

मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे करारपूर्तीच्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून घेण्याच्या, दाव्याला तीन वर्षं मिळतात. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. ठरलेली तारीख म्हणजे कॅलेंडरवरची निश्चित तारीख, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये अहमदसाहेब मुल्ला विरुद्ध बिबीजान या निकालात स्पष्ट केलं आहे. "वारसनोंदीनंतर 60 दिवस" ही तशी तारीख नाही. म्हणून तुमची मुदत नकारापासून धरा. ती 14 नोव्हेंबर 2026 ला संपते. 2028 डोक्यातून काढून टाका.

त्या मेसेजनंतर, फेब्रुवारी 2024 मध्ये, विक्रेत्याने तुमच्याकडून आणखी दोन लाख घेतले. त्यामुळे नकार मागे घेतला गेला, असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेल की नाही हे पावतीवर काय लिहिलंय यावर ठरेल आणि मी ती पाहिलेली नाही. मुदतीत दावा दाखल केलात तर त्या युक्तिवादाची गरजच पडणार नाही. मेसेज लपवून काही साधणार नाही, तुम्ही दाखवला नाहीत तर समोरचा दाखवेल.

नोटिशीबद्दल: दहा नोटिसा पाठवल्या तरी मुदत एका दिवसाने वाढत नाही. उशीर माफ करण्याचं कलम 5 अपील आणि अर्जांना लागू होतं, दाव्याला नाही. कोर्टाच्या सुट्टीत मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा घेतला जातो, पण दिवाळीच्या तोंडावर त्या सवलतीवर विसंबणं धोक्याचं आहे. गणपतीच्या आधी दावा दाखल करा.

उरलेल्या पैशांची तयारी कागदावर दिसली पाहिजे. विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) 2018 च्या दुरुस्तीनंतर करारपूर्ती मिळवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं, तरी आपण सदैव तयार होतो हे खरेदीदाराला अजूनही सिद्ध करावंच लागतं. बँकेचे खातेउतारे, कर्जमंजुरीचं पत्र, मुदतठेवी, जे असेल ते 2022 पासूनचं जमवा. आणि दाव्यातच पर्यायी मागणी म्हणून विसार व्याजासह परत मागा. मागितला नाही तर न्यायालय तो आपणहून देत नाही, आणि हा परिच्छेद घालायला विसरलेले दावे मी पाहिले आहेत.

पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात असा दावा किती वर्षं चालेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि या दिरंगाईची किंमत प्रामाणिक खरेदीदारच मोजतो. मधल्या काळात प्लॉट तिसऱ्याला विकला जाण्याची भीती खरी आहे. मनाई हुकुमाचा अर्ज कराच. तो मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण आपल्या राज्यात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, नुसता दावा दाखल करून नंतरच्या खरेदीदारावर बंधन येत नाही. दाव्याला नंबर पडला की त्याच आठवड्यात ही लिस पेंडन्सची नोटीस नोंदवून घ्या.