बागेतली बंदूक

इंग्लंडमधील केंट परगण्यात राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, बागेत लावलेल्या जांभळ्या पानांच्या हेझलच्या झुडपाला मराठीत काय म्हणावे आणि 'जांभळा पहाडी बदाम' हे नाव चालेल काय. चालणार नाही. बदाम गुलाबाच्या कुळातला, तर हेझल भूर्जाच्या; परदेशी कवचफळ दिसले की त्याला बदाम म्हणून मोकळे होण्याच्या सवयीचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. 'हेझलनटचे झाड' हा प्रयोगही तसाच, कारण तो भुईमुगाला 'शेंगदाण्याचे झाड' म्हणण्यासारखा आहे.

या झुडपाच्या जातीला इंग्रजीत 'फिल्बर्ट' म्हणतात. ते नाव २० ऑगस्टला येणाऱ्या संत फिलिबर्टच्या सणाशी जोडलेले आहे, कारण फळे साधारण त्याच सुमारास तयार होऊ लागतात. पण त्यात आपल्याला घेण्यासारखे काही नाही. घेण्यासारखे आहे ते ग्रीकांचे नाव. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोंटस प्रदेशावरून ते या फळाला 'पोंटसचे कवचफळ' म्हणत, आणि तुर्कस्तानातील गिरेसुन व ओर्दू हे त्याच किनाऱ्यावरचे प्रांत आजही या पिकासाठी प्रसिद्ध आहेत. त्या 'पोंटिकॉन'चे फारसीत 'फंदुक' झाले, तुर्कीत 'फिंदिक' आणि अरबीत 'बुंदुक'. पुढे धनुष्यातून मारायच्या, याच फळाएवढ्या मातीच्या किंवा शिशाच्या गोळ्याला बुंदुक म्हणू लागले, मग गोळ्या झाडणाऱ्या नव्या हत्याराला, आणि तीच आपली बंदूक! मराठीतल्या 'गोळी'नेही औषधापासून काडतुसापर्यंत असाच प्रवास केलेला असल्यामुळे मला ही व्युत्पत्ती विशेष प्रिय आहे.

व्हेनिसला अरबीत 'अल्-बुंदुकिय्या' म्हणतात, म्हणून बंदूक व्हेनिसहून आली, असे काही पंडित ठासून सांगतात. त्यांनी इजिप्तचा मामलूक, म्हणजे गुलाम-सैनिकांतून वर आलेला, सुलतान बैबर्स आठवावा. त्याला 'अल्-बुंदुकदारी' म्हणत, कारण त्याचा पूर्वीचा धनी 'बुंदुकदार', म्हणजे गोळ्यांचे धनुष्य बाळगणारा अधिकारी, होता. बैबर्स १२७७ मध्ये वारला, तेव्हा खांद्याला लावायची बंदूक अस्तित्वातच नव्हती. अरबीत गोळीचा अर्थ आधीच नांदत असताना व्हेनिसची वारी कशासाठी, हे त्या पंडितांनीच सांगावे.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते 'जांभळा फंदुक' म्हणावे. फारसी शब्दाचे वावडे असणाऱ्यांसाठी हिमाचलातील पांगी खोऱ्याचा 'थांगी' हा शब्द आहे. मात्र तो हिमालयातल्या वेगळ्या जातीच्या फळाचा आहे. त्या जातीला ज्याचे नाव दिले आहे, तो फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर जाकमाँ १८३२ मध्ये मुंबईत वारला, एवढाच काय तो तिचा आपल्याशी संबंध. 'जांभळा' या विशेषणाविषयी मात्र सावध राहावे लागेल, कारण झुडूप सावलीत असेल तर पाने हिरवट पडतात आणि नाव खोटे ठरते. तसे झाल्यास पानगळ होऊन गेल्यावर ते भर उन्हाच्या जागी हलवावे.